तिच्या आईची मुदत

रविवार, ८ जानेवारी १९७८, नागपूर

आज तिला हातात घेतलं. सात आठवड्यांची आहे. शिलाई मशीनचं डोकं उचलायची माझ्या हातांना सवय, मी तिलाही तसंच धरलं — खालून दोन्ही तळवे लावून, कोपर अंगाशी दाबून. सिंधूताई म्हणाल्या, "रुपराव, पडणार नाही ती. तुम्ही श्वास घ्या."

सिंधूताई मिशनच्या बालगृहाच्या प्रमुख. दोन वर्षांपूर्वी मी आणि सुमतीनं त्यांच्याकडे अर्ज दिला होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, लोकांचे प्रश्न झाले. मग अर्ज. आणि आज उपासना संपल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

सुमतीनं तिला फार वेळ घेतलं नाही. टाळूचा वास घेतला, परत दिलं, आणि व्हरांड्यात जाऊन चपलेचा पट्टा लावत बसली. पट्टा लागतच नव्हता म्हणे.

मग कळलं ते असं. मुलीच्या आईनं कागदावर अंगठा दिला आहे. पण बालगृहाचा नियम — आईला सहा महिन्यांची मुदत. तेवढ्यात तिचं मन बदललं तर मूल तिचं. मुदत एक जूनला संपते. त्यानंतर कोर्ट. तोवर घरी नेता येणार नाही. बुधवारी आणि रविवारी भेटता येईल.

मी विचारलं, लवकर काही होत नाही का? सुमती हसली. तिला माझा स्वभाव माहीत. रेशनच्या रांगेत मी तीनदा रांग बदलतो आणि शेवटी सर्वांच्या मागे राहतो.

बुधवार, ११ जानेवारी

गणपतराव वकिलांकडे गेलो. त्यांच्या घरची मशीन दहा वर्षांपासून मीच दुरुस्त करतो, म्हणून थांबावं लागलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या ख्रिस्ती लोकाईले दत्तक नाहीच गा कायद्यात. कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्या लागते." आधी मुदत संपू द्यायची, मग अर्ज, मग तारीख, मग पुन्हा तारीख. आणि घाई करायची नाही, जजसाहेबांसमोर तर बिलकूल नाही, असं दोनदा बजावलं. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

मंगळवार, १७ जानेवारी

एकशे पस्तीस दिवस राहिले. ही डायरी धाग्याच्या कंपनीनं फुकट दिलेली. रोज एक तारीख फुली मारून खोडतो. सुमतीनं पाहिलं. म्हणाली, तुम्ही काय जेलमध्ये आहात?

रविवार, ५ फेब्रुवारी

बालगृहात चार मशीन आहेत. चारही बिघडल्या आहेत, असं मी सिंधूताईंना सांगितलं. खरं तर एकाच दिवसाचं काम! पण मी आज शटल सोडवतो, परवा पट्टा बदलतो, पुन्हा दोन दिवसांनी तेल देतो. म्हणजे बुधवार-रविवार सोडून आणखी तीन दिवस जाणं होतं. घाईचा माणूस मी, आणि एवढं संथ काम जन्मात केलं नव्हतं. सिंधूताईंना सर्व समजतं. आज म्हणाल्या, या मशीनींना एवढी दुखणी आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी मशीनचं चाक फिरवतो आणि ती पाळण्यातून बघते. डोळे चाकाबरोबर फिरतात. तिथल्या मुली तिला 'बारकी' म्हणतात. कोर्टाचं होईपर्यंत नाव ठेवू नका, जीव जास्त गुंततो, असं सिंधूताईंचं म्हणणं. तिथे आम्हीही बारकीच म्हणतो. घरी मात्र करुणा. फक्त घरी.

शुक्रवार, ३ मार्च

आज एक गोष्ट केली. लिहायची लाज वाटते.

गांधीबागेत एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या माडीवर शिलाईचं काम चालतं. तिथे मशीन पाहायला गेलो होतो. एक माणूस नेहमी तिथे बसलेला असतो, लोकांचे कागदपत्र काढून देतो. बोलता बोलता मी आमचं सांगितलं. तो म्हणाला, एवढी वाट काहून पाहता? आईनं मुदत सोडली असा कागद आणून देतो. तिच्या गावाचं नाव फक्त द्या.

मी विचारलं, ती भेटलीच नाही तर?

"ती नाही भेटली तरी अंगठा भेटते."

गावाचं नाव मला माहीत होतं. सिंधूताईंच्या टेबलावरच्या फायलीत उलटं वाचलं होतं — काटोलकडचं. मी पावतीच्या मागे लिहून दिलं. 

शनिवार, ४ मार्च

सकाळी सुमतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. शाळेत शिशुवर्गाला शिकवते म्हणून ती शुद्ध बोलते, मीच तिच्यामुळे थोडा सुधारलो. पण आतून आलं की तिची माहेरची बोली येते.

"मले पोरगी पाह्यजे. चोरी नाही पाह्यजे."

एवढंच. पुन्हा तांदूळ.

तसाच गांधीबागेत गेलो. तो माणूस तर्री-पोहे खात होता. मी चिठ्ठी परत मागितली. त्यानं खिशातून काढून दिली, हसला, आणि विचार करा म्हणाला. खाली येऊन बारीक तुकडे केले, नालीत टाकले. पाण्याबरोबर जाईपर्यंत उभा राहिलो.

येताना सायकल किती हलकी चालली! महालची वस्ती येऊन गेली तरी कळलं नाही.

रविवार, २६ मार्च

पुनरुत्थानाचा सण. पहाटेच्या उपासनेला बालगृहाची मुलं आणली होती. बारकी पूर्ण वेळ सुमतीच्या मांडीवर. मी गाण्याचं तिसरं कडवं दुसऱ्याच्या जागी म्हटलं, शेजारच्यांनी पाहिलं. पाहू देत.

बुधवार, १९ एप्रिल

बारकी पालथी पडली! स्वतःच दचकली.

रविवार, ७ मे

ऊन असं की मशीनच्या लोखंडाला हात लावत नाही. बालगृहात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आहेत, मी त्यांच्यावर पाणी मारतो. पंचवीस दिवस.

बुधवार, २४ मे

आई आली.

आम्ही गेलो तर सिंधूताई फाटकाजवळच उभ्या होत्या. एरवी त्या फाटकापर्यंत येत नाहीत. त्यांनी आधी सुमतीचा हात धरला आणि मग सांगितलं.

मी व्हरांड्यातून पाहिलं. अंगानं काडी. असेल एकोणीस-वीस वर्षांची. कपाळ मोकळं, पायांना भेगा. बारकी तिच्या मांडीवर होती आणि रडत होती — ओळखत नव्हती ना तिला. ती गप्प करायचा प्रयत्नही करत नव्हती. नुसती घट्ट धरून बसली होती.

बारकी रडते आहे याचा मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू.

गुरुवार, २५ मे

सिंधूताईंनी सर्व सांगितलं. तिचं नाव तुळसा. आईबाप नाहीत. नवरा तापानं गेला तेव्हा तिला सातवा महिना. मग भावाच्या घरी. भावानं तिच्या दुसऱ्या लग्नाचं काढलं, एका माणसाशी पाट ठरवायला घेतला, पण त्या माणसाला दुसऱ्याची पोरगी नको. म्हणून भाऊच तिला बाळंतपणाला नागपुरात घेऊन आला आणि त्यानंच कागदावर अंगठा लावायला सांगितला. आता ती भावाला न सांगता निघून आली आहे. परत जाऊन काय करायचं, पोरीला ठेवायचं कसं, तिलाच माहीत नाही. बालगृहाच्या कमिटीनं तिला ऑगस्टअखेरपर्यंत वेळ दिला. तोवर तिथेच स्वयंपाकघरात काम करेल आणि राहील.

मी म्हणालो, सिंधूताई, आठ दिवस राहिले होते. फक्त आठ.

"हो. म्हणूनच तर ती धावत आली, रुपराव."

आणखी एक कळलं. तिनं मुलीचं नाव पहिल्या दिवशीच ठेवलं होतं. मंदा. आम्ही पाच महिने करुणा करुणा करत होतो आणि तिला नाव होतंच.

गुरुवार, १ जून

आज मुदत संपणार होती. फुली मारली नाही.

रविवार, ४ जून

उपासनेला गेलो नाही. सुमती एकटी गेली आणि तिथून बालगृहात. मी घरी एका मशीनचा पाय रंगवला. कुणाची घाई नव्हती त्या मशीनची.

रविवार, १८ जून

सुमतीच्या शाळेला सुट्टी आहे, ती रोज जाते. आधी बारकीसाठी जायची, आता त्या दोघींसाठी. तुळसाला आपलं एक जुनं लुगडं नेलं. तिचे केस विंचरून दिले. पोरीला मंदाच म्हणू लागली आहे, सरळ, जसं काही करुणा नव्हतीच. आज मी ओरडलो — तू कुणाच्या बाजूची आहेस? ती कपडे वाळत घालायला गेली.

हे इथेच लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. तीन आठवडे मी रोज प्रार्थना करतो आहे की तुळसाचा पाट लागो आणि ती जावो. गुडघे टेकून मागतो. आमेन म्हणतो.

शनिवार, १ जुलै

पाळकसाहेब घरी आले. चार रविवार मी दिसलो नाही म्हणून. खुर्चीवर न बसता माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसले. मला वाटलं, आता उपदेश. पण त्यांनी सुमतीच्या हातचा चहा घेतला, पाऊस किती झाला ते विचारलं, आणि मग विचारलं की मी देवाजवळ काय मागतो.

लवकर निकाल लागो, मी म्हणालो.

"आणि त्या मुलीसाठी काय मागता? तुळसासाठी?"

काय सांगणार होतो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं. कप खाली ठेवला.

"मग तुम्ही देवाची वाट पाहत नाही आहात, रुपराव. ती पोर थकून जाईल, त्याची वाट पाहत आहात."

रागावून नाही म्हणाले. उठले, छत्री घेतली, गेले. दिवसभर कामात मन लागलं नाही. एका बाईच्या मशीनची सुई उलटी बसवून आलो, परत जावं लागलं.

रविवार, २ जुलै

उपासनेला गेलो. नंतर बालगृहात. तुळसा शिवणाच्या खोलीत मशीन पुसत होती. मला पाहून उभी राहिली, हातातलं फडकं मागे लपवलं, जसं काही चूक करताना सापडली. महिनाभर मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मंदा खाली सतरंजीवर.

मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? भावाच्या नाही, सिंधूताईंच्या नाही. तुझ्या.

तिनं खाली वाकून मंदाच्या तोंडातलं सतरंजीचं टोक काढलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मले माही पोरगी पाह्यजे जी. पण तिले खाऊ काय घालू?"

मी तसाच घरी आलो. जेवलो नाही. सुमतीला सांगितलं. तिला आधीच ठाऊक होतं. मग मला काहून सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही स्वतः विचाराल म्हणून थांबले होते.

बुधवार, ५ जुलै

तीन दिवस आम्ही दोघं त्याच एका गोष्टीभोवती फिरलो. आज बोललो.

तुळसाला शिवण शिकवायचं. मी मशीन ओळखतो, सुमतीला बेतणं येतं. आठ आठवड्यांत हात बसतो, मी कितीतरी बायकांचे बसलेले पाहिले आहेत. हाताला काम असलं तर तिला कुणाच्या पाटावर बसावं लागणार नाही.

सुमती म्हणाली, शिकली तर ती मंदाला घेऊन जाईल.

हो, मी म्हणालो.

बाहेर नळावर बादल्या लागल्या होत्या, त्यांचा आवाज. मग आम्ही प्रार्थना केली. पहिल्यांदा तुळसाचं नाव घेतलं. जीभ अडखळली. तिच्यासाठी चांगलं काय ते तूच कर, एवढंच म्हणता आलं, आणि तेही सुमतीनं पुरं केलं.

सोमवार, १० जुलै

पहिला धडा. सुईत दोरा नाही, कागदावर सरळ रेघ टोचत जायची. ती पाय जोरात मारते, मशीन पळत सुटते, कागद वाकडा. मी म्हणालो — सावकाश. पुन्हा म्हणालो, सावकाश, कुठे जायचं आहे? दाराशी सुमती उभी होती. मी सावकाश म्हणतो आहे हे ऐकून तिनं पदर तोंडाला लावला.

शुक्रवार, २१ जुलै

सरळ शिवण आली. टेपेवरचे आकडे सुमतीनं शिकवले. तुळसाला पाच आणि सहा यांत घोळ होतो. मंदा बसायला लागली, पण टिकत नाही, बाजूला कलते.

गुरुवार, ३ ऑगस्ट

तुळसा आज पहिल्यांदा आपणहून बोलली. नवरा संत्र्याच्या बागेत कलमं बांधायचा, त्याचा हात हलका होता म्हणे. मग म्हणाली, हिच्या बोटांकडे पाहा, तशीच आहेत. मी पाहिलं. सात महिने मी ती बोटं धरत आलो, कुणाची आहेत हा विचार कधी आला नव्हता.

रविवार, २० ऑगस्ट

गांधीबागेतून तुकडे आणले, तुळसानं मंदाला झबलं शिवलं. एक बाही लांब. तरी घातलं. मी घरी सुट्या भागांतून एक मशीन जुळवतो आहे. डोकं एकाचं, पाय दुसऱ्याचे. कुणासाठी ते सुमतीला सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तेलाची बाटली मात्र आणून दिली.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

सिंधूताईंच्या खोलीत आम्ही चौघं. मंदा तुळसाच्या कडेवर. सिंधूताईंनी विचारलं. तुळसा आधी सुमतीकडे पाहत होती, मग सरळ पाहिलं.

"माही पोरगी मीच ठेवीन जी."

सिंधूताईंनी अंगठ्याचा कागद काढला, तिच्यासमोर फाडला. सुमतीनं मंदाला घेतलं, टाळूचा वास घेतला, आणि परत आईच्या हातात दिलं. ती रडली नाही. तुळसाच रडली.

तुळसा सध्या आठ-दहा दिवस तिथेच राहील, खोली मिळेपर्यंत.

घरी आल्यावर सुमतीनं ट्रंकेतून चार झबली काढली. जानेवारीत शिवलेली. घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. मी बाजूला बसलो. आज आम्हाला मूल नाही, जसं सात जानेवारीला नव्हतं. नाही, तसं नाही.

शुक्रवार, १ सप्टेंबर

गणपतराव वकिलांना सांगून आलो की अर्ज करायचा नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग बायकोला हाक मारून चहा मागवला आणि कोर्टाचं काहीही न बोलता मला तासभर बसवून ठेवलं.

रविवार, ३ सप्टेंबर

एक विचित्र गोष्ट. दोन दिवस मला गाढ झोप लागली. दुखतं आहे, खूप दुखतं, सायकल बालगृहाच्या रस्त्याला आपोआप वळते. पण छातीवरून कोणीतरी उतरलं आहे.

जानेवारीपासून मी एका बाईला भीत होतो. ती येईल. कोर्टाच्या दिवशी येईल. मुलगी दहा वर्षांची झाल्यावर येईल, दारात उभी राहील. ती आली. तिचं नाव तुळसा आहे, तिला पाच आणि सहा नीट येत नाहीत. आता भ्यायला कुणी उरलं नाही.

सुमतीला हे सांगावं की नाही, विचार करत होतो. तिनंच सांगितलं. "मलाही हलकं वाटतं हो. चुकतंय का माझं?"

नाही चुकत, मी म्हणालो. मग दोघंही एकदम रडलो आणि नंतर पाटवडीची भाजी केली.

रविवार, १० सप्टेंबर

खोली मिळाली! आमच्याच चाळीत, समोर. प्रयागबाईंची. त्या आमच्या शेजारीण, छप्पनच्या धम्मदीक्षेतलं बौद्ध घर. त्यांचा मुलगा भिलाईला नोकरीला लागल्यापासून त्यांची मागची खोली रिकामी आहे. मी सिंधूताईंकडून येऊन सुमतीला सांगत होतो की एकट्या बाईला कोणी जागा देत नाही, आणि ते अंगणातून त्यांनी ऐकलं. आत येऊन म्हणाल्या, "आण वं तिले इकडे. मी काय एकटीच भिंतीशी बोलत बसू?"

हातगाडीवर ती जुळवलेली मशीन नेली. तुळसा मशीनला हात लावायलाच तयार नाही. कुणाची आहे जी, विचारते. तुझी, मी म्हणालो.

बुधवार, ४ ऑक्टोबर

तुळसाकडे तिसरं गिऱ्हाईक. प्रयागबाई सर्वांना सांगत सुटतात. ब्लाऊजचा गळा फसला होता, सुमतीनं उसवून दाखवला.

मंदा रांगते. सकाळी तुळसा पाणी भरते तेव्हा आमच्याकडे असते. माझ्या पेटीतली बॉबिन तोंडात घालते. सर्व सुया वरच्या फळीवर गेल्या.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

काल दसरा. दीक्षाभूमीसाठी प्रयागबाईंकडे गावोगावचे पाहुणे, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तुळसा आणि मंदा दोन दिवस आमच्या खोलीत.

आणि आज दुपारी तुळसाचा भाऊ आला. शालिकराम. इतके दिवस मनात मी त्याला राक्षस केला होता. धुळीनं भरलेला, उन्हानं काळवंडलेला, डोळ्यांखाली झोप नसलेला माणूस. काटोलच्या बसनं आला होता. बहीण कुठे आहे हे त्यानं बालगृहात जाऊन विचारलं, आणि तुळसानंच पत्ता द्या म्हणून सांगून ठेवलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

तो दारातच म्हणाला, चाल, पाट ठरला आहे, मंडळी थांबली आहेत. तुळसा मशीनवर बसली होती. शिवण टोकाला जाईपर्यंत तिनं पाय थांबवला नाही. मग दोरा तोडला.

"मी नाही येत, दादा."

तो चिडेल म्हणून मी उठलो. तो चिडला नाही. त्यानं विचारलं की आजारी पडली, काही झालं, तर पाहणार कोण? पाहुण्यांना जेवू घालता घालता प्रयागबाई समोरच्या दारातून ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आम्ही काय मेलो काय गा?"

सुमतीनं त्याला ताट वाढलं. तो जेवला. मंदा रांगत त्याच्या पायापाशी गेली, त्यानं तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात धुऊन आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, माह्याही चार पोरी आहेत भाऊ, घर दोन खणांचं आहे, मी वाईट नाही. मी म्हणालो, माहीत आहे. आणि खरंच माहीत झालं होतं. जूनमध्ये मी गुडघे टेकून मागितलं तेच तर हाही मागत होता!

संध्याकाळच्या बसला त्याला सोडून आलो. जाताना तुळसानं त्याच्या मुलींसाठी उरलेल्या तुकड्यांचे परकर दिले. केव्हा शिवले कोण जाणे.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज उपासनेत पाळकसाहेबांनी कोणाला साक्ष द्यायची आहे का विचारलं. मी उठणार होतो. काय सांगणार? की मागितलं ते मिळालं नाही, आणि बरं आहे? नीट जुळवता आलं नाही. बसून राहिलो. पण आता घाई नाही. जुळेल तेव्हा सांगीन.

शनिवार, ४ नोव्हेंबर

डायरीची पानं चाळली. जानेवारी ते मे, फुल्याच फुल्या. त्यानंतर एकही नाही. मी केव्हा मोजायचं सोडलं, लक्षातच आलं नव्हतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

मंदा एक वर्षाची झाली. सुमती शाळेत, म्हणून टोचायला दवाखान्यात तुळसासोबत मी गेलो. मंदा माझ्या खांद्यावर. नर्सबाई कार्ड भरत होत्या. आईचं नाव घेतलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, वडील का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तुळसा आधी बोलली.

"नाही जी. हे माहे बाबा होत. पोरीचे आजोबा."

नर्सबाईंनी माझं नाव विचारलं आणि लिहिलं. वय एकेचाळीस.

घरी न जाता सरळ सुमतीच्या शाळेत गेलो. तिला वर्गाबाहेर बोलावलं. म्हणालो, आपल्याला मुलगी झाली — वीस वर्षांची.